इतवारीच्या गॅलरीतला चाळीस सेकंदांचा झूम

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात दोन गोष्टी होतात. लहान पोरं लाकडी बैल सजवून तान्हा पोळा करतात, आणि इतवारीच्या गल्ल्यांमधून मारबती, म्हणजे इडापिडेचे मोठाले पुतळे, निघतात. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. सोबत त्या त्या वर्षीच्या रागाचे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात, कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा. संदल वाजत असतो आणि हजारो लोक एका सुरात ओरडत असतात, ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ जन्म नागपुरातला असला तरी दर वर्षी हा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो.

या मिरवणुकीवर आम्ही माहितीपट करत होतो. दिग्दर्शिका ताईंना त्यात एक शॉट हवाच होता. फ्रेममध्ये फक्त पिवळ्या मारबतीचा चेहरा, नथ, कपाळावरचं कुंकू. मग कॅमेरा तिथून हळूहळू मागे येतो. आधी तिचं धड दिसतं, मग तिला ओढणारे हात, मग गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या आणि खाली मुंगीला जागा नाही अशी गर्दी. मध्ये कट नको. ‘चेहरा आणि गर्दी वेगवेगळी दाखवली तर ती दोन चित्रं होतात,’ ताई म्हणाल्या होत्या. ‘मला तिचा चेहरा गर्दीतून उगवलेला दिसायला हवा.’

त्या एका शॉटसाठी आम्ही दोन वर्षं घालवली. पहिलं वर्ष वाया गेलं. दुसऱ्या वर्षी पॉवर झूम सिने लेन्स, म्हणजे मोटरवर झूम होणारी सिनेमाची लेन्स, आणली. हे टिपण त्या दुसऱ्या वर्षाचं आहे. लेन्स आणल्याने प्रश्न सुटत नाही, तो कुठे सुटतो आणि कुठे नवा उभा राहतो, ते कळायला आम्हाला बराच घाम गाळावा लागला.

पहिल्या वर्षी काय चुकलं

कॅमेरा मागे नेण्याचे सगळे मार्ग त्या गल्लीत बंद आहेत. ट्रॅक टाकायला जागा नाही आणि क्रेन आत येत नाही. ड्रोन म्हणावा तर डोक्यावर विजेच्या आणि केबलच्या तारांचं जाळं, खाली लोक, त्यामुळे तो विचारही कोणी मनात आणू नये. उरतो तो झूम. कॅमेरा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहील आणि लेन्सच मागे येईल.

आम्ही स्टिल फोटोग्राफीची २४-१०५ लेन्स (हे आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये; मोठ्या आकड्याला दृश्य जवळ येतं, लहान आकड्याला रुंद होतं) लावली आणि झूमची रिंग हाताने फिरवली. चार वेळा फिरवली, चारही वेळा फसलो. एक तर हाताने चाळीस सेकंद एका वेगाने रिंग फिरत नाही. मनगट मध्ये एकदा तरी पकड बदलतं आणि त्या क्षणी चित्र गचका खातं. दुसरं म्हणजे फोकस. फोटोच्या झूम लेन्स बहुतेक वेळा फोकल लेंग्थ बदलली की फोकसही सरकवतात. फोटोग्राफरला त्याचं काही वाटत नाही, तो झूम करून पुन्हा फोकस घेतो. आम्हाला मात्र झूम चालू असतानाच चित्र धारदार हवं होतं. तिसरी गोष्ट, त्या लेन्सचं नळकांडं झूम करताना लांब-आखूड होतं, आणि तेवढ्यानेही ट्रायपॉडवरचा तोल किंचित हलतो.

घरी येऊन फुटेज पाहिलं तेव्हा ताई काही बोलल्या नाहीत. मला ते जास्त लागलं.

लेन्सची निवड

आमच्या पिढीला मोटरवरचा झूम नवा नाही. ज्या काकांच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी आयुष्यभर लग्नं शूट केली. आधी व्हीएचएसच्या पॅनासॉनिक एम ९००० वर, पुढे सोनी पीडी १७० वर. त्या कॅमेऱ्यांना उजव्या हाताच्या बोटांखाली झूमचं रॉकर असायचं, एका बाजूला दाबलं की आत, दुसऱ्या बाजूला दाबलं की बाहेर. मंडपाच्या कोपऱ्यात उभं राहून काका अंतरपाटावरून नवरीच्या डोळ्यांवर जायचे ते पाहणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही. २००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क २ आला, त्यानंतर काही वर्षांत सगळे डीएसएलआरवर गेले आणि बोटाखालचं ते रॉकर नाहीसं झालं. चित्र देखणं झालं, पण हात एक काम विसरला.

आमच्यासमोर दोन पर्याय होते. सोनीची २८-१३५ एफ/४ ही फुल फ्रेमची पॉवर झूम. वजन सव्वा किलोच्या आसपास, मोटर लेन्समध्येच, वीज कॅमेऱ्याच्या माउंटमधून (लेन्स जोडायच्या कडीतून), एकही केबल नाही. दुसरी फुजिनॉनची कॅब्रिओ १९-९०. ती फुल फ्रेमपेक्षा लहान अशा सुपर ३५ सेन्सरसाठी, पीएल माउंटची, टी २.९ (भिंग किती उघडतं त्याचं माप, आकडा लहान तितका उजेड जास्त), आणि बाजूला टीव्हीच्या लेन्सला असतो तसा हाताला धरायचा सर्वो ड्राइव्ह, म्हणजे झूमची मोटर. ड्राइव्ह धरून वजन २.७ किलो. नागपुरात ती मिळाली नाही, मुंबईहून मागवावी लागली, आणि भाडं कितीतरी पट.

गंमत अशी की दोन्हींची पोच जवळजवळ सारखीच आहे. फुल फ्रेमवर १३५ आणि सुपर ३५ वर ९० यांत दिसतं सारखंच. आमचा कॅमेरा सोनी एफएस७ होता, सुपर ३५ चा. गॅलरीपासून मारबत थांबते तो कोपरा साधारण १२ मीटर. तिथे ९० मिमीवर फ्रेमची रुंदी ३.२ मीटर येते, म्हणजे मारबतीचा चेहरा आणि थोडे खांदे. १९ मिमीवर तीच रुंदी १५ मीटरच्या वर जाते, म्हणजे अख्खी गल्ली आणि दोन्हीकडची घरं. शॉटला नेमकं एवढंच हवं होतं.

मग महागडी लेन्स का? दोन कारणांसाठी. पहिलं, कॅब्रिओ खरी पारफोकल आहे. आत घेतलेला फोकस बाहेर येताना भिंगांच्या यांत्रिक मांडणीनेच टिकतो. दुसरं, तिचं रॉकर. २८-१३५ वर सर्वोने झूम करताना बोट हललं आणि चित्र हललं यांत मला एक बारीक उशीर जाणवला होता. माहितीपटाच्या रोजच्या कामाला ती लेन्स उत्तम आहे, मी ती पुढेही वापरली आणि वापरेन. पण या एका शॉटमध्ये सुरुवात आणि शेवट हेच सगळं होतं, आणि ते दोन्ही बोटाच्या टोकावर असतात. ताईंनी बाकीच्या दिवसांच्या खर्चाला कात्री लावून कॅब्रिओचे चार दिवस मंजूर केले.

जाता जाता, कॅननची १७-१२० देखील मनात होती. ती ९१ मिमीपर्यंत टी २.९५ देते आणि १२० ला टी ३.९ वर उतरते. म्हणजे भिंग पूर्ण उघडं ठेवून टोकापासून मागे आलो तर शॉटच्या सुरुवातीलाच चित्र उजळत जाणार. टी ४ वर बसवलं तर हा प्रश्न येत नाही. तरी पावसाळी आभाळाचा भरवसा नव्हता, म्हणून ती सोडली.

महालातली गच्ची

लेन्स मारबतीच्या तीन दिवस आधी आली. महालात एका मित्राच्या गच्चीवरून गांधी द्वार दिसतं. दुपारी तिथे कॅमेरा लावला. एफएस७ ला ई माउंट असल्यामुळे मध्ये पीएलचा ॲडॅप्टर होता. ९० वर द्वाराच्या कमानीवर फोकस घेतला, १९ पर्यंत मागे आलो. चित्र सुरेख. आम्ही सरावाला लागलो.

सूर्य कलला तसं भिंग उघडत गेलो. साडेसहाच्या सुमाराला टी २.९ वर आलो आणि फोकस पुलर, म्हणजे फोकस सांभाळणारा सहकारी, म्हणाला, ‘दादा, वाइडला सॉफ्ट जाऊन राहिलं.’

मॉनिटर मोठा करून पाहिला. खरंच. ९० वर कमानीचे दगड मोजता येत होते. मागे येत १९ वर पोचलो की अख्खं चित्र मऊ, जणू काचेवर कोणी श्वास सोडला आहे. पुन्हा आत गेलो तर पुन्हा धारदार. दुपारी हे नव्हतं. पुलरला वाटलं लेन्स प्रवासात आपटली. मला उन्हाची शंका आली. ताई शांतपणे म्हणाल्या, ‘परत पाठवायची का?’ हातात दोन दिवस होते.

त्या रात्री गच्चीवर बसून आम्ही ज्या निष्कर्षाला आलो तो इथे नीट मांडतो, कारण झूम लेन्स आणि ॲडॅप्टर एकत्र वापरणाऱ्या कुणालाही तो उपयोगी पडेल.

आत धारदार, बाहेर सॉफ्ट, ही खूण बॅक फोकसची आहे. लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. पीएलसाठी ते ५२ मिमी, ई माउंटसाठी १८ मिमी. म्हणजे आमचा ॲडॅप्टर बरोबर ३४ मिमी जाड असायला हवा. समजा तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाने जाड निघाला. ९० मिमीवर या चुकीने अनंतावरचा फोकस ८१ मीटरवर येतो. एवढा फरक रिंग जराशी फिरवली की भरून निघतो, आणि आपण डोळ्यांनी फोकस घेताना तेच न कळत करतो. पण १९ मिमीवर तीच चूक फोकसला साडेतीन मीटरवर आणून आदळते. गणित सोपं आहे, फोकल लेंग्थचा वर्ग भागिले चूक. ९० चा वर्ग ८१००, १९ चा ३६१. चूक तेवढीच, परिणाम बावीसपट.

मग दुपारी का दिसलं नाही? कारण दुपारी टी ५.६ होतं. त्या छिद्राला १९ मिमीवर फोकसच्या पुढेमागे इतका धारदार पदर मिळतो की साडेतीन मीटरवर फोकस असला तरी अनंतापर्यंत चालून जातं. टी २.९ ला तो पदर आखडला आणि दहा मीटरच्या पुढचं सगळं उघडं पडलं. म्हणजे दोष दिवसभर तिथेच होता, फक्त झाकलेला. आम्ही दुपारीच सामान आवरलं असतं तर मारबतीच्या दिवशी ढग दाटून आल्यावर तो भेटला असता. या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

फोटोच्या झूममध्ये वाइडला फोकस सरकला तर लेन्सचा स्वभाव म्हणून सोडून देता येतं. पारफोकल सिने झूममध्ये तसं झालं तर आधी माउंट पाहावं.

कॅब्रिओला बॅक फोकस जुळवायची सोय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तारा छापलेला कागद, ज्यात काळ्या-पांढऱ्या पाकळ्या मध्याशी एकवटतात, भिंतीवर तीन मीटरवर चिकटवला. एफएस७ मधला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून भिंग पूर्ण उघडलं. ९० वर जाऊन फोकस रिंगने ताऱ्याचा मध्य साधला. १९ वर येऊन, फोकस रिंगला हात न लावता, बॅक फोकसने तोच मध्य साधला. मग पुन्हा ९०, पुन्हा १९. पहिल्या फेरीत मोठा फरक पडला, दुसरीत थोडा, चौथ्या फेरीला काही हलवावंच लागलं नाही. स्क्रू आवळला. पुलरने टेपने मोजलेलं अंतर लेन्सवरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. जुळलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, कारण आता आकड्यांवर विश्वास ठेवता येणार होता.

बोटाचा सराव

उरलेला दीड दिवस मी फक्त रॉकर दाबत होतो.

चाळीस सेकंदांत ९० वरून १९ वर यायचं. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की मिलिमीटर सारख्या वेगाने कमी होत गेले तर डोळ्याला वेग सारखा दिसत नाही. ९० वर एक मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक टक्का फरक. १९ च्या जवळ तोच एक मिलिमीटर पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे बाहेर येणारा झूम सुरुवातीला झोपलेला वाटतो आणि शेवटी धावत सुटतो. लेन्सच्या रिंगवर आकडे सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे काही प्रमाणात हे आपोआप सांभाळलं जातं. उरलेलं बोटाला सांभाळावं लागतं, शेवटच्या तिसऱ्या भागात दाब कमी कमी करत न्यावा लागतो.

पहिली सुधारणा ड्राइव्हमध्ये केली. झूमचा कमाल वेग खाली आणला. भरधाव झूम आम्हाला नकोच होता, आणि कमाल वेग खाली आला की रॉकरचा सगळा प्रवास मंद वेगांना मिळतो. आधी नखाएवढ्या दाबात जे घडत होतं त्याला आता अर्ध्या बोटाची जागा मिळाली.

तरी सुरुवात गचका देत होती. मोटर शून्यावरून निघताना एक बारीक हिसका. शेवटी काकांना फोन केला. ते गच्चीवर आले, लेन्स पाहिली, वजनाचा अंदाज घेतला, ड्राइव्हच्या पट्ट्यात हात घातला आणि थोडा वेळ नुसतं रॉकर चाचपत राहिले. मग म्हणाले, ‘दाबू नको बे. टेकव फक्त. मोटर निघाली का तिच्यामागून जा.’ त्यांनी दाखवलं. दोन बोटं रॉकरच्या दोन्ही बाजूंवर. तर्जनी एका बाजूला दाबते तेव्हा मधलं बोट दुसऱ्या बाजूने तिला हलकेच अडवत असतं. झूम निघतो तो दाब वाढल्याने नव्हे, अडवणं कमी झाल्याने. थांबतानाही तसंच, मधलं बोट पुढे येतं आणि मोटर विझते. एका बोटाने दाबून सोडलं की ती खट्कन थांबते, दोन बोटांत धरली की निवते.

हे कुठल्याही माहितीपत्रकात वाचलं नव्हतं. पीडी १७० वर शेकडो लग्नं काढलेल्या हाताने ते मला दिलं. संध्याकाळपर्यंत मी गांधी द्वारावरून सत्तरेक वेळा मागे आलो असेन. शेवटचे दहा ताईंना दाखवले. त्यांनी घड्याळ लावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आता झूम दिसत नाहीये.’

मारबतीचा दिवस

पहाटे पहिला घोळ हवेने घातला. रात्रभर लेन्स एसीच्या खोलीत होती. इतवारीत पेटी उघडली आणि समोरचं भिंग पांढरं झालं. पावसाळ्यातली नागपूरची दमट हवा थंड काचेवर अशीच बसते. पुसण्यात अर्थ नसतो, पुसलं की पुन्हा येते. झाकण काढून ठेवलं आणि लेन्स हवेशी जुळेपर्यंत अर्धा तास वाट पाहिली. लवकर आलो होतो म्हणून निभावलं.

तो वेळ बॅक फोकस पुन्हा तपासायला वापरला. पॅकिंगमध्ये ॲडॅप्टर निघाला होता, म्हणून तारा समोरच्या बंद शटरवर चिकटवला. फरक पडलेला नव्हता.

दुसरी गोष्ट घरच्या आजींनी वाचवली. गॅलरी जुन्या सागवानाची, फळ्यांची. मी ट्रायपॉड मधोमध ठेवला होता. आजी दारात उभ्या राहून पाहत होत्या. ‘बापा, तिथं नको ठेवू. खाली संदल वाजाले लागला का पुऱ्या फळ्या थरथरतात. भिंतीच्या अंगाला घे.’ मी ऐकलं. एक पाय उंबऱ्याच्या दगडावर, दोन पाय भिंतीत शिरलेल्या तुळईच्या वर, मध्ये वाळूची पिशवी टांगली. दोन तासांनी पहिला संदल खालून गेला तेव्हा फळ्यांवर ठेवलेल्या चहाच्या पेल्यात तरंग उठले. मॉनिटरवर ९० मिमीची फ्रेम मात्र स्थिर होती. आजींनी सांगितलं नसतं तर त्या दिवशीचा एकही टेलीचा शॉट हाती लागला नसता.

तारांचं मात्र काही करता आलं नाही. दोन केबली फ्रेमच्या आडव्या जात होत्या. ९० वर त्या कॅमेऱ्याजवळ असल्याने पूर्ण विरघळतात आणि दिसत नाहीत. मागे येताना तीसेक मिमीच्या पुढे त्यांच्या रेषा उमटायला लागतात. ताईंनी त्या राहू द्यायला सांगितल्या. इतवारी तारांशिवाय खोटी दिसेल, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

दुपारी ढग आले. एनडी १/४ वर आणला, भिंग टी ४ वर ठेवलं. या मापाला ९० मिमीवर १२ मीटरचा फोकस साधारण साडेदहा ते चौदा मीटरपर्यंत पुरतो. पुलरने कोपऱ्यावरच्या तीन खुणा आधीच मोजून लेन्सवर पांढऱ्या पट्टीवर लिहून ठेवल्या होत्या, पानाचा ठेला, विजेचा खांब, हंड्या-भांड्यांचं दुकान.

पिवळी कोपऱ्यावर आली. आवाज इतका की पुलर आणि मी खांद्याला खांदा लावून इशाऱ्याने बोलत होतो. चेहरा फ्रेममध्ये बसला. पिवळा रंग, मोठे डोळे, नथ. दहा सेकंद काहीच केलं नाही, सुरुवात स्थिर हवी होती. मग मधलं बोट सैल केलं.

झूम निघाला. कधी निघाला ते मलाही मॉनिटरवर दिसलं नाही, फक्त नथीच्या बाजूची जागा वाढत गेली. खांदे आले. साडीचा काठ आला. ओढणाऱ्यांचे हात आले. पंचवीसेक सेकंद झाले असतील, साधारण ४० मिमीवर होतो, तेवढ्यात फ्रेमच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक बाई दिसली. गर्दीत रेटली जात ती मारबतीपर्यंत पोचली होती आणि तिने तान्हं बाळ दोन्ही हातांनी वर उचललं. मारबतीच्या पायाला लावायला. बाळाने तोंड फिरवलं आणि ते नेमकं आमच्याकडे झालं.

ठरलेला शॉट पुढे १९ पर्यंत जायचा होता. मधलं बोट आपोआप पुढे आलं. झूम निवला. थांबला असं वाटलंही नाही. चेहरा वर, बाळ खाली, आणि मध्ये सगळी गर्दीची डोकी. नऊ-दहा सेकंद ती फ्रेम तशीच राहिली. बाळ खाली आलं, बाई गर्दीत मिसळली, आणि मी पुन्हा बोट सैल करून १९ पर्यंत मागे आलो. पुलरने फोकस चेहऱ्यावरच ठेवला होता. त्या रुंदीला बाळही धारदार आलं.

मागून ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोलायची गरज नव्हती.

काळीच्या वेळी

हे लिहिल्याशिवाय प्रकरण पूर्ण होत नाही. काळी मारबत आली तेव्हा आम्हाला तसाच दुसरा शॉट घ्यायचा होता. एफएस७ कडून या ड्राइव्हला थेट वीज मिळत नाही. म्हणून मागच्या व्ही माउंट बॅटरीतून डी टॅपची (बॅटरीवरच्या वीज घ्यायच्या खोबणीची) वेगळी केबल लेन्सला गेली होती. (त्यामुळे ड्राइव्हवरचं रेकॉर्डचं बटणही चालत नव्हतं, रेकॉर्ड कॅमेऱ्यावरच करावं लागत होतं.) डी टॅपची पिन नुसती खोचलेली असते, तिला कुलूप नसतं. गॅलरीत तोवर घरातली आणि शेजारची वीसेक माणसं गोळा झाली होती. कुणाचा तरी पाय केबलला लागला आणि झूम सुरू होऊन आठव्या सेकंदाला मोटर मेली.

ड्राइव्हच्या खालची कळ मॅन्युअलवर टाकली आणि रिंगला लावलेल्या दांडीने उरलेला झूम हाताने ओढला. सिने लेन्सची रिंग रेशमासारखी फिरते, फोटोच्या लेन्सपेक्षा कितीतरी बरं. पण चाळीस सेकंदांचा संथपणा हाताला पेलत नाही. चित्र श्वास घेतल्यासारखं कमी-जास्त होत राहिलं. संपादनात त्या शॉटची फक्त दोन टोकं वापरली, मधला भाग पडला.

केबल आधीच बांधली असती तर हे झालं नसतं. पिन चिकटपट्टीने दाबायची, केबलचा एक वेढा ट्रायपॉडच्या हँडलला द्यायचा म्हणजे ओढ पिनवर न येता वेढ्यावर येते. मला हे ठाऊक होतं. बॅक फोकसच्या काळजीत सगळं लक्ष लेन्सच्या पुढच्या अंगाला गेलं आणि मागची केबल राहून गेली. काळीचा तो शॉट परत मिळायला वर्ष लागणार होतं.

संपादनात

पिवळीचा शॉट चित्रपटात एकसलग आहे. सुरुवातीचे स्थिर सेकंद कापून तो एकावन्न सेकंदांचा झाला. संकलकाने मध्ये थांबलेली जागा डिजिटल पद्धतीने सलग करून पाहिली, म्हणजे झूम न थांबता गेल्यासारखा. तांत्रिकदृष्ट्या ते जमलं. ताईंनी दोन्ही पाहिले आणि थांबलेला ठेवला.

पहिलं दाखवणं इतवारीतच झालं, त्याच घराच्या वाड्यात, पांढऱ्या चादरीवर. आजी पुढच्या रांगेत होत्या. बाळ आलं तेव्हा त्यांनी हात जोडले. शॉट संपल्यावर त्यांनी मला विचारलं, ‘तू खाली कवा उतरला होता रे? मशीन तर वरच होतं ना?’

लेन्स मुंबईला परत गेली. ॲडॅप्टर आमचा होता, तो कपाटात आहे. पुलरने त्याच्यावर पांढरी पट्टी लावून काळ्या शाईने लिहिलं आहे, ‘जाड आहे. झूम लावण्याआधी तारा पाहा, टी २.९ वर.’ आणि डी टॅपच्या केबलीला आता कायमचा एक कापडी पट्टा शिवलेला आहे, हँडलला बांधायला.